ओळखा पाहू, आवाज कुणाचा?

धान कापणीला आलं की मला बसमध्ये खिडकी नको असते. चंद्रपूरहून चामोर्शीकडे जाणाऱ्या गाडीत लोक खिडकीसाठी बाहेरूनच रुमाल टाकतात. मी आपली आतली जागा धरते. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना पिवळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची छोटी शेतं, लागतात. काही उभ्या, काही कापून आडव्या पडलेल्या, कुठे कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झालेले. खिडकीच्या फटीतून त्या धानाचा ओलसर वास आत येतोच. शेजारच्या बाईला नव्या तांदळाच्या भाताची आठवण होते आणि ती खुशीत बोलायला लागते. माझे मात्र कान ताठ होतात. वास आला नाकाला आणि जागे झाले कान, हा काय प्रकार आहे ते इतक्या वर्षांत मला कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

मी एका अध्यापक विद्यालयात शिकवते. म्हणजे जे पुढे शिक्षक होणार, त्यांची मी शिक्षिका. माझा विषय पाठाचं नियोजन. उद्या वर्गात जाऊन काय, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने शिकवायचं ते आदल्या दिवशी कागदावर मांडायचं, त्याला आम्ही टाचण म्हणतो. आधी उद्दिष्टं, मग मुलांचं पूर्वज्ञान, मग प्रस्तावना, मग मुख्य शिकवणं, फळ्यावरचं लेखन आणि शेवटी गृहपाठ. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की आमची पोरं आदल्या वर्षीच्या ताई-दादांची टाचणं शोधत हिंडतात. ऐन उन्हाळ्यात घेतलेल्या पाठाच्या टाचणात 'मुलांनो, बाहेर पाऊस पडत आहे' असं वाक्य मी वाचलं आहे. विचारलं तर ती मुलगी म्हणाली, मॅडम, मूळ पाठ पावसाळ्यात झाला होता. नकलेला अक्कल नसते म्हणतात, पण इमानदारी किती असते बघा.

सगळ्यात जास्त हाल पूर्वज्ञानाचे. मुलांना आधीपासून काय माहीत आहे, ते त्या जागी लिहायचं असतं. पाठ गाईचा असेल तर 'विद्यार्थ्यांना गाय माहीत आहे', नदीचा असेल तर 'विद्यार्थ्यांना नदी माहीत आहे'. झालं. कुठली गाय, कुणाची नदी, पुरात तिने काय नेलं, याच्याशी कुणाला घेणं नसतं. मी दर वर्षी घसा कोरडा करते, दर वर्षी माना हलतात आणि दर वर्षी तीच वाक्यं येतात.

परवा याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की प्रस्तावनेत स्पीकर लावून एखाद्या प्राण्याचा आवाज ऐकवला तर गुण वाढतात का. प्रश्न साधा होता. खिडकीबाहेर कुणीतरी तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गाडी घेऊन चाललं होतं. मी हातातला खडू खाली ठेवला आणि वर्गाला म्हटलं, थांबा जरा, मला पाणी पिऊ द्या.  इतक्या वर्षांनीही मला एक स्पीकर आठवतो, याचा मला रागही येतो.

काही वर्षांपूर्वी, अशाच धानाच्या हंगामात, रोशनी मेश्राम माझ्या वर्गात होती. चंद्रपूरची मुलगी, वडील वीज केंद्रात कंत्राटी कामाला, घरात शिक्षक व्हायला निघालेली ही पहिलीच. तिच्या अभ्यासाच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ती टाचणाचे कागद ओळीने चिकटवून ठेवायची, असं तिच्या मैत्रिणी हसत सांगायच्या. मला ती आवडायची, कारण ती भांडायची. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं, म्हणजे मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करावी, हे सूत्र मी फळ्यावर लिहिलं तेव्हा तिने विचारलं होतं, मॅडम, पण त्याले काय ठाऊक हाय हे आपल्याले कसं ठाऊक होनार? उत्तर देता देता माझा तास संपला होता.

दिवाळीनंतर सत्राचे परीक्षा पाठ असतात. बाहेरचे परीक्षक येतात, छात्रशिक्षक खऱ्या शाळेत पाठ घेतो आणि त्या एका पाठावर त्याचं सत्र तरतं किंवा बुडतं. रोशनीला चामोर्शीपासून बरीच आत, रानाला लागून असलेल्या गावातली शाळा मिळाली. तिने पाठासाठी हत्ती निवडला. महिन्याभरापूर्वी त्या भागात रानटी हत्तींचा कळप येऊन गेला होता. आमच्या जिल्ह्यांना हत्ती म्हटलं की आलापल्लीकडचे लाकडं ओढणारे माणसाळलेले हत्ती ठाऊक. हे बाहेरून आलेले, रात्री धानात शिरणारे हत्ती नवीनच होते. रोशनीने टाचणात लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी हत्ती पाहिला आहे.' बाकीच्यांच्या 'माहीत आहे'च्या गर्दीत हे वाक्य मला लखलखीत वाटलं. आवाजाचा, स्पीकरचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.

तो स्पीकर आदल्या संध्याकाळी आला. त्या वर्षीचे परीक्षक निवृत्त शिक्षणाधिकारी होते, कडक इस्त्रीचे. प्रस्तावनेतच मुलांना धक्का बसला पाहिजे, असं ते आदल्या दिवशीच्या बैठकीत म्हणाले होते आणि तंत्रज्ञान वापरा असंही म्हणाले होते. मुलींनी ते मनावर घेतलं. कुणाच्या तरी भावाचा मुठीएवढा स्पीकर रोशनीला मिळाला.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. धुऱ्यांवरच्या, म्हणजे शेतांच्या बांधांवरच्या, गवतावर दव होतं. शाळेपर्यंत चालत जाताना साडीचा काठ भिजून जड झाला. बांध्यांत बाया ओळीने धान कापत होत्या, विळ्यांचा कर्र कर्र आवाज येत होता. शाळेचे गुरुजी खिचडीचं पातेलं हलवून घेत होते. त्यांनी सांगितलं की कळप नदीपल्याड गेला आहे. गावात हत्ती हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'थो आल्ता', 'थो गेला', म्हणजे 'तो' आला होता, 'तो' गेला, एवढंच. शेजारच्या गावात एक माणूस त्याच्या पायाखाली गेला होता. शाळेत दुसरीला असलेल्या मैनाच्या घराची मातीची भिंत त्याने पाडली होती आणि तिच्या आईने मागच्या अंगाने लेकरं बाहेर काढली होती. हे सगळं गुरुजी चुलीतलं लाकूड सारता सारता, जणू बसची वेळ सांगावी तसे सांगत होते.

शाळेला दोन खोल्या. एक जुनी, कवेलूची, म्हणजे कौलारू, तिच्यात पाठ होता. दुसरी नवी, स्लॅबची, तिच्या मागच्या भिंतीला लोखंडी शिडी. पहिली ते चौथी सगळी एकत्र सतरंजीवर बसली होती. परीक्षक आणि मी मागे खुर्च्यांवर. रोशनी गुलाबी साडीत, पदर खोचून उभी. तिने हसून मुलांना डोळे मिटायला सांगितलं. मोबाइलवर बोट दाबलं आणि म्हणाली, "ओळखा पाहू, आवाज कुणाचा?"

फळ्यामागून हत्ती चित्कारला.

मुठीएवढ्या डबीतून एवढा आवाज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी खुर्चीत दचकले. पण त्यानंतर जे झालं त्याने मी जी सुन्न झाले, तशी आयुष्यात पुन्हा झालेली नाही. मुलं ओरडली नाहीत. एकही रडलं नाही. सगळी एकदम उभी राहिली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले आणि दारातून एकामागे एक बाहेर पडली. ढकलाढकल नाही, चपला घालायला थांबणं नाही. आम्ही वर्षानुवर्षं कवायतीत शिकवतो ती रांग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बघता बघता सतरंजी रिकामी झाली. परीक्षक पेन धरून तसेच बसले होते. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ही कृती टाचणात आहे का?"

मी काही बोलायच्या आत गुरुजी दारात आले. खिचडीचा चमचा हातातच होता. त्यांनाही आवाज खराच वाटला होता. मॅडम, सर, वर चला, एवढंच ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आम्ही उठलो. मला ठाऊक होतं की हत्ती नाही, आवाज फळ्यामागचा आहे. तरी मी पळाले. निवृत्त शिक्षणाधिकारी पॉलिश केलेल्या बुटांनी शिडी चढत होते आणि त्यांच्यामागे मी साडी आवरत होते. भीती अशी असते, ती पुरावा मागत नाही.

वर स्लॅबवर मुलं पालथी पडली होती. मधोमध लहान, कडेला मोठी. कुणीतरी हे ठरवून दिलं होतं, घोटून घेतलं होतं. परीक्षक सरांना चौथीतल्या एका मुलीने शर्ट ओढून खाली बसवलं. सगळ्यांत शेवटी रोशनी चढली. मोबाइल अजून तिच्या मुठीत होता आणि ती रडत, मोठ्याने सांगत होती की हा हत्ती नव्हता, हत्ती आलाच नाही. वाक्य पुरं झालं नाही. मैना गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेली आणि तिने आपला तळवा रोशनीच्या तोंडावर गच्च दाबला.

"बाई, बोलू नोका," ती कानाशी म्हणाली. "थो आयकते."

 दुसरीतल्या पोरीच्या हाताखाली रोशनी मुकाट्याने स्लॅबवर आडवी झाली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. उन्हाने सिमेंट तापायला लागलं होतं आणि मला मुलांच्या छातीची धडधड ऐकू येतेय असं वाटत होतं. बहुतेक ती माझीच होती.

आवाज बांध्यांपर्यंत गेला होता. बाया विळे घेऊन शाळेकडे धावत येत होत्या, पुरुष डबे आणि पेटती लाकडं घेऊन. सगळ्यांत पुढे मैनाची आई. आधी तिने वर पाहिलं, मग ती शाळेभोवती फिरून जमीन बघू लागली. ओल्या मातीत माग कुठेच नव्हता. तेव्हा रोशनी खाली उतरली. मीही तिच्यामागे गेले. मला वाटलं, आता ही काहीतरी सारवासारव करेल. तिने मोबाइल पुढे धरला आणि सांगितलं की आवाज याच्यातला होता, तो मी वाजवला, पोरायले ओळखाले लावाचा होता.

मला वाटलं, हिला मारतात आता. परतीची गाडी किती वाजता आहे ते मी मनात आठवू लागले, खरं सांगते. पण कुणी आवाजही चढवला नाही. मैनाची आई धाप टाकत उभी होती. तिने विळा कमरेला खोचला. मग जे बोलली ते अगदी हळू बोलली.

"आमी पोरायले शिकवलं, आवाज आला का चढाचं, इचारत बसाचं नाई. आता खरा थो आला तं पोरं म्हनतीन, बाईचा मोबाइल असन."

 मी तोवर रोशनीच्या गुणांचा विचार करत होते, परीक्षकांच्या बुटांचा, फार तर मुलांच्या घाबरण्याचा. पाठाने काय शिकवलं, हे मोजायचं असतं असं मी वर्गात सांगते. त्या पाठाने काही क्षणांत एका गावाच्या पोरांना एक गोष्ट पक्की शिकवली होती: हा आवाज खोटाही असू शकतो. आणि ती गोष्ट शिकलेलं एखादं पोर पुढच्या वेळी खालीच थांबू शकत होतं.

मैनाच्या आईनेच तोड सुचवली. पोरांना सांगायचं नाही. थो आला होता आणि गेला, असंच राहू द्यायचं. गुरुजींनी मान डोलावली. शिडीवर पोचलेल्या परीक्षक सरांनाही ते पटलं. हत्तीमुळे पाठ थांबला असं नोंदवता येईल, म्हणजे मुलीला पुन्हा संधी मिळेल, असं ते शिडी उतरता उतरता म्हणाले. मलाही पटलं. गावाचं भलं आणि रोशनीचंही. एका खोट्यात सगळ्यांचं निभत होतं आणि ते खोटं काही फार मोठंही नव्हतं.

रोशनी म्हणाली, नाही.

मी तिला बाजूला घेतलं, चिडून बोलले. सत्र बुडेल, घरी काय सांगशील, ही वेळ तत्त्वं दाखवायची आहे का. तिने डोळे पुसले. डोळे मिटा म्हटलं तरी पुढच्या ओळीतल्या दोघींनी मिटले नव्हते, ती म्हणाली, त्यांनी तिला बटण दाबताना पाहिलं होतं. "आज ना उद्या त्या बोलतीन, मॅडम. तवा मी इथी नसन. मंग त्याईले कोन सांगन का तरीबी चढाचं म्हनून?"

मी बाजूला झाले. 

मुलांना गुरुजींनी खाली बोलावलं. रोशनीने सगळ्यांसमोर फळ्यामागून स्पीकर काढला आणि सांगितलं. दोन मुलं हसली. त्या हसण्याने मैनाच्या आईने मान फिरवली आणि ती बांधीकडे निघून गेली. मैना हसली नाही. मग पुढच्या बारीले कसं समजाचं, असं तिने विचारलं. रोशनी म्हणाली, समजाचंच नाई, आधी चढाचं, मंग समजाचं. परीक्षकांनी पाठाला शून्य दिलं. नियमाने दुसरं काही देता येत नव्हतं आणि तेही मान खाली घालूनच सही करत होते.

सत्र बुडालंच. पण त्यानंतर आमच्याकडे आंतरवासिता असते, म्हणजे एखाद्या शाळेत सलग राहून शिकवण्याचा काळ. सगळे शहराजवळची शाळा मागतात. रोशनीने तेच गाव मागितलं आणि गुरुजींच्या ओळखीच्या घरी खोली घेतली. सुरुवातीला तिला कुणी भाजीसुद्धा दिली नाही, मैनाची आई तर समोरून आली की वाट बदलायची. रोशनी रोज मुलांना शिडी चढवायची. कधी टाळीवर, कधी थाळीवर, कधी प्रार्थनेच्या मध्येच, कधी घास तोंडात असताना. ज्याने 'बाई, खरं का खोटं' विचारलं त्याला उत्तर वरच मिळायचं. तिने याचं टाचण करून मला पाठवलं. पूर्वज्ञानाच्या जागी लिहिलं होतं, 'शिक्षिकेने विद्यार्थ्यांना एकदा फसवले आहे.' ते वाचून मी कितीतरी वेळ दुसरं पान उलटलं नाही. हाताखालून गेलेल्या टाचणांचा ढीग घरात मावणार नाही, पण इतकं खरं पूर्वज्ञान कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

पाठाचं नियोजन म्हणजे नक्की काय, हे मला त्या हंगामापर्यंत येत होतं असं वाटायचं. आता वाटतं, आपण फक्त आपल्या बाजूचं नियोजन करतो. समोर बसलेली मुलं आपल्या घरून, आपल्या रात्रींमधून काय घेऊन येतात, त्याला कागदावर एक ओळ असते. ती ओळ कितीही प्रामाणिकपणे भरली तरी पाहिलेला हत्ती आणि घरावर आलेला हत्ती यांतलं अंतर तिच्यात मावत नाही. रोशनीने खोटं काही लिहिलं नव्हतं. मुलांनी हत्ती पाहिला होताच. तरी शिकवणं सोडवत नाही आणि नियोजनाशिवाय शिकवताही येत नाही. म्हणून मी अजून तोच विषय शिकवते आणि धानाच्या दिवसांत जरा जास्त ओरडते.

बांध्या कापून झाल्या, पुंजणे लागले. गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, आटोपल्या. धानाच्या धसकटांत लाखोळीचं पीक हिरवं दिसायला लागलं. आणि कळप नदी ओलांडून परत आला.

मला गुरुजींकडून नाही, रोशनीकडूनच कळलं. संध्याकाळी तिचा फोन आला. मागे गावाचा गलका ऐकू येत होता, डबे वाजत होते. तिचा आवाज कोरडा होता. दुपारी वर्ग चालू असताना शाळेमागच्या पुंजण्यांवर हत्ती आले, असं तिने सांगितलं. मी विचारलं, मुलं?  

"आवाज आला, मॅडम. खरा. अन् कोनी हललंच नाई. सगळे माह्या हाताकडे पाहून राह्यले होते."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"मी दोन्ही हात वर केले," ती म्हणाली. "रिकामे हाय, हे दाखवाले. मंग चढले. सगळे चढले."